कॅसेट भरून मिळेल

मागच्या दिवाळीत नातीनं मला एक इंग्रजी सिनेमा दाखवला. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी', २०१४ चा. अवकाशयानं, हिरव्या रंगाची बाई, चालतंबोलतं झाड. अर्ध्या तासात माझा डोळा लागणार हे दोघांनाही माहीत होतं. पण त्यातल्या पोराच्या कमरेला सोनीचा पहिला वॉकमन दिसला, टीपीएस-एल २, १९७९ चं मॉडेल. आत हातानं नाव लिहिलेली कॅसेट. मी खुर्चीत पुढे सरकलो.

गोष्ट अशी की, आईनं आपल्या तरुणपणची गाणी लेकासाठी कॅसेटवर भरून ठेवलेली असतात. आई जाते, पोराला परग्रहावरचे लोक उचलून नेतात, आणि तो ती कॅसेट घेऊन सगळं आकाश पालथं घालतो. गाणी सगळी साठ-सत्तरच्या दशकातली. सिनेमामागोमाग त्यांचा अल्बम निघाला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला. ज्यात एकही नवं गाणं नाही असा सिनेमाचा अल्बम त्या जागी याआधी कधी पोचला नव्हता. नातीनं फोनवर गाण्यांची यादी काढली. मी मोजली. बारा.

"साठची कॅसेट," मी म्हणालो.

"म्हणजे काय, आजोबा?"

अलिबागच्या बाजारात माझं दुकान होतं. १९८२ पासून पुढे एकोणीस वर्षं त्यावर पिवळ्या पत्र्याची पाटी होती: 'कॅसेट भरून मिळेल'. रेकॉर्डिंग सेंटर वगैरे नावं मुंबईत. आमच्याकडे कॅसेट भरायची. मराठीत बांगड्या भरतात, ओटी भरतात, लोणच्याची बरणी भरतात. प्रत्येक भरण्यात समोर कुणीतरी ठरलेलं माणूस असतं आणि भरणाऱ्याचा हात असतो. कॅसेटचंही तसंच होतं. कंपनीची कॅसेट विकत मिळायची, ती सगळ्यांना सारखी. भरलेली कॅसेट एकाचीच.

फिलिप्स कंपनीनं ही वस्तू १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगानं सरकणारी. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे आत साधारण ८६ मीटर फीत. हिंदी सिनेमाचं गाणं साडेचार-पाच मिनिटांचं. एका बाजूला सहा, दोन्हीकडे मिळून बारा. गिऱ्हाईक चौदा गाण्यांची यादी आणायचं आणि मी दोन खोडायचो. कुठली खोडायची यावरून आमच्याकडे जेवढे वाद झाले तेवढे ग्रामपंचायतीत झाले नसतील.

भरताना शेवटचं गाणं मध्येच कापलं जाता कामा नये, हा या धंद्यातला पहिला नियम. म्हणून तबकडीवर छापलेले मिनिट-सेकंद कागदावर मांडून बेरीज करायची. तरी दोन-चार मिनिटं उरायचीच. ती कोरी सोडणं माझ्या जिवावर येई. भाजीवाली जशी वर चार मिरच्या घालते, तसं मी त्या जागेत पदरचं एक गाणं घालायचो. त्याचे पैसे नाहीत आणि यादीत नावही नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कोळीवाड्यातून हळदीच्या रात्रीसाठी नव्वदच्या कॅसेटी भरून न्यायचे. अट एकच, मध्ये खंड नको, नाचणारे थांबता कामा नयेत. इस्राएल आळीतली बरीच घरं तोवर उठून इस्राएलला गेली होती. सुट्टीत कुणी आलं की मराठी भावगीतं आणि नाट्यगीतं भरून मागायचं. त्यातल्या एक बाई हिशेब करून सांगायच्या की लोदच्या घरी ही कॅसेट फक्त शुक्रवारी दुपारी लागते, शब्बाथचा स्वयंपाक चालू असताना. आणि आखातात गेलेल्यांच्या बायका-आया. त्या गाणी भरायला येत नसत, बोलायला येत. पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेटवर बोललेलं बरं. मी माइक समोर ठेवायचो, पंखा बंद करायचो, कारण पंख्याची घरघर माइक आधी उचलतो, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचो. आत घामाघूम होऊन ती बाई दुबईच्या नवऱ्याला गाय व्यायल्याचं सांगत असायची.

एक गिऱ्हाईक वेधशाळेतलं होतं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा ही आमच्या गावाची खरी मिरवायची गोष्ट, पण समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना तिचा पत्ता नसतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. १८५९ सालचं मोठं चुंबकीय वादळ तिथल्या कागदांवर उतरलेलं आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं मोजणी बिघडेल म्हणून संचालक मूस यांनी १९०४ मध्ये ती उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला हलवली. इमारतीला लोखंड वापरलं नाही, दगडही पोरबंदरहून आणला. वेधशाळेतले ते गिऱ्हाईक माझ्या दुकानात आले की डेकच्या हेडकडे बघून म्हणायचे, "तुमचा आमचा धंदा एकच. दोघंही चुंबकाची नोंद ठेवतो." त्यांनीच मला सांगितलं की वापरून वापरून हेडमध्ये चुंबकत्व साचतं आणि गाण्याचा वरचा स्वर हळूहळू पुसला जातो, ते अधूनमधून उतरवायला हवं. तोवर मी फक्त स्पिरिटच्या कापसानं पुसत होतो आणि दोष खाऱ्या हवेला देत होतो.

इंग्रजी रॉक संगीत आम्हाला तसं थेट भेटलं नव्हतं. ते आलं हिंदी सिनेमात बसून. देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' आला तेव्हा आम्ही विशीच्या आत होतो. त्यातली गिटार राहुलदेव बर्मन यांनी आमच्या कानात घातली. लांब केसांचे लोक काठमांडूत काय करतात हे आम्हाला पडद्यावरून समजलं. ते ज्या गाण्यांवर डोलतात त्यांची मूळ गावं कुठली, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

ते विचारणारी माणसं आली ती खत कारखान्यामुळे. १९८० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात थळला आरसीएफचा कारखाना उभा राहिला आणि कुरुळला वसाहत झाली. केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश, कुठकुठले इंजिनिअर अलिबागच्या बाजारात जिताड्याचा भाव करायला शिकले. त्यातला एक शिलाँगचा. बारीक, चष्मा, बोलायला मऊ. पहिल्यांदा आला तेव्हा मुंबईच्या मित्राच्या चार तबकड्या घेऊन आला. १९८६ चा जुलै. लाँच बंद, म्हणून एसटीनं पेणवरून वळसा घालून. तबकड्या खताच्या कोऱ्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेल्या. सोमवारी परत करायच्या होत्या.

त्यातल्या तीन एकाच अल्बमच्या. 'वुडस्टॉक'. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर झालेल्या संगीत जत्रेवर मायकेल वॉडली यांनी सिनेमा काढला. तो १९७० मध्ये आला, त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच्या गाण्यांचा हा तीन तबकड्यांचा अल्बम निघाला. शिलाँगच्या पोराच्या मोठ्या भावाकडे तो होता. भाऊ गेला, घर बदललं, तबकड्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. "याच्यावरच मी मोठा झालो," असं तो हिंदीत म्हणाला. दोन नव्वदच्या टीडीके काढून त्यानं काउंटरवर ठेवल्या.

मी भरायला बसलो. पहिल्या तबकडीची पहिली बाजू झाली, उलटली, दुसरी चढवली. ती संपली, दुसरी तबकडी. असं करत सगळ्या भरल्या. सहा बाजूंना दोन संध्याकाळ लागल्या, कारण मध्ये दोनदा लाइट गेली. तबकडीवर बाजूचा आकडा असतो, तो मी पाहिला नाही. अहो, एक उलटली की दोन, यात पाहायचं काय?

पाहायला हवं होतं. त्या काळी अमेरिकेत एकावर एक तबकड्या रचून आपोआप टाकणारे प्लेअर होते. त्यांच्या सोयीसाठी कंपनीनं पहिल्या बाजूच्या पाठीवर सहावी छापली होती, दुसरीच्या पाठीवर पाचवी, तिसरीच्या पाठीवर चौथी. तीनही तबकड्या ओळीनं वाजवून मग सगळा गठ्ठा एकदम उलटायचा. माझ्या प्लेअरवर एका वेळी एक तबकडी मावायची. त्यामुळे माझ्या कॅसेटवर एक, सहा, दोन, पाच, तीन, चार असा क्रम झाला. सहाव्या बाजूला जिमी हेंड्रिक्स. जत्रेच्या अगदी शेवटी, सोमवारी सकाळी, बरेचसे लोक घरी निघून गेल्यावर त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं. तारांतून बॉम्ब पडल्यासारखे, विमान झेपावल्यासारखे आवाज काढले. व्हिएतनामच्या युद्धाचे दिवस ते. तो कार्यक्रमाचा शेवट माझ्या हातून सुरुवातीलाच येऊन बसला.

आणि शेवटी आली चौथी बाजू. तिच्या आरंभी गाणंच नाही. पावसात भिजणारे हजारो लोक एका सुरात पावसाला थांबायला सांगतायत, डबे-टाळ्या वाजवतायत. मी ते भरत होतो तेव्हा माझ्या कौलांवर जुलैचा पाऊस असा काही कोसळत होता की हेडफोन लावूनही कुठला पाऊस अमेरिकेतला नि कुठला अलिबागचा ते कळेना. मग सांतानाचे ढोल. पाठोपाठ टेन इयर्स आफ्टरचं सुसाट गाणं. मग तबकडी संपली आणि फितीवर बरीच जागा उरली.

त्या जागेत मी काय घालणार? माझ्याकडे त्या तोडीचं इंग्रजी काही नव्हतं. ढोलाला ढोल म्हणून मी हळदीच्या कॅसेटीतली चार कोळीगीतं घातली.

चौथ्या तबकडीची गंमत निराळी. तीही सिनेमाचीच, 'वंडरवॉल म्युझिक'. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची. बीटल्सच्या ॲपल कंपनीची ही पहिली मोठी तबकडी, नोव्हेंबर १९६८ ची. मी कान टवकारून बसलो, आता गिटार येणार. आली सनई. लग्नघरात पहाटे वाजते ती. मला वाटलं, मुंबईच्या मित्रानं चुकीच्या पाकिटात घालून दिली.

चूक नव्हती. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला होता आणि फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून त्यानं या सिनेमाचं अर्धं संगीत आपल्या वादकांकडून करून घेतलं होतं. दुपदरी स्टिरिओ यंत्र तिथे नव्हतं, ते कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेनं आणलं. स्टुडिओच्या भिंती एवढ्या पातळ की रस्त्यावरची रहदारी आत ऐकू यायची. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, सनईवर शरदकुमार आणि हनुमान जाधव. त्याच दिवसांत तिथे वाजवून घेतलेलं आणखी एक गाणं मार्चमध्ये बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या पाठीवर आलं. म्हणजे आम्ही इथे रॉक कुठून येतं म्हणून पश्चिमेकडे समुद्राला विचारत होतो, आणि त्यातलं थोडं खाडीपलीकडे, चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर तयार झालं होतं. जाधवांच्या सनईवर लंडनचं गिऱ्हाईक डोलत होतं. अलिबागच्या दुकानदाराला ते अठरा वर्षांनी समजलं, आणि तेही शिलाँगच्या माणसामुळे.

सोमवारी पोरगा कॅसेटी घेऊन गेला. आठवड्यानं हसत परत आला. मुंबईच्या मित्राला ऐकवली, तर तो क्रम ऐकून म्हणाला, "अलिबागसे आया है क्या?" हे वाक्य हिंदी सिनेमानं आमच्या माथी मारलेलं आहे. ते बंद करा म्हणून आमच्यातला एकजण २०१९ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं असले विनोद सगळ्यांवरच होतात म्हणून अर्ज काढून टाकला. पण त्या खेपेला उत्तर खरंच 'हो' होतं. मी म्हटलं, पुन्हा भरून देतो, पैसे नकोत. तो म्हणाला, राहू द्या.

आता खरं ते सांगायला हवं. हा धंदा कायद्यानं चोरीचा होता. तबकडी एकाची, गाणं दुसऱ्याचं आणि पैसे माझे. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा कडक झाला, सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगाची तरतूद झाली. तालुक्याच्या गावात ती कुणी फारशी वाचली नव्हती, पण एकदा कुठल्याशा कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून आला आणि यादीऐवजी ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. मी पंधरा दिवस पाटीवर गोणपाट टाकून ठेवलं. हनुमान जाधवांच्या वाट्याचे पैसे कुणी खाल्ले असं विचारलं, तर त्या यादीत एक नाव माझंही निघेल. हे आठवलं की जुन्या दिवसांचं कौतुक जरा आवरतं घेतो.

धंदा मात्र कायद्यानं मारला नाही, स्वस्ताईनं मारला. टी-सिरीजनं कॅसेट पानाच्या गादीपर्यंत नेली. १९९० मध्ये 'आशिकी' आली तेव्हा कोऱ्या कॅसेटपेक्षा भरलेली घेणं परवडू लागलं. मग सीडी आल्या, मग एका चकतीवर दीडशे गाणी. दीडशे गाण्यांत क्रम कोण लावणार? २००१ मध्ये मी पाटी उतरवली आणि झेरॉक्स मशीन घेतलं. पुढे मुलानं मोबाइलचा कप्पा सुरू केला, तेव्हा काचेवर त्यानं स्वतःच लिहिलं: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. शब्द तेवढा वारसाहक्कानं गेला.

२०१६ च्या डिसेंबरात एक पिकल्या केसांचा माणूस बायकोला घेऊन दुकानात आला. मांडव्याच्या बोटीनं उतरले होते, कुरुळची जुनी खोली बघून आले होते. चष्म्यावरून ओळखलं. कॅसेटी त्याच्याकडे नव्हत्या. गुवाहाटीच्या दमट हवेत केव्हाच बुरशी धरून गेल्या. 'वुडस्टॉक' त्यानं सीडीवर घेतला, आता फोनवरही आहे. "पण क्रम बरोबर आहे ना," तो म्हणाला, "म्हणून ऐकवत नाही. पहिली बाजू संपली की माझा कान हेंड्रिक्सचीच वाट बघतो." नातीच्या सिनेमातला पोरगा बाराऐवजी बारा हजार गाणी मिळाली तरी हेच म्हणाला असता. आईनं कुठल्या गाण्यानंतर कुठलं ठेवलं, तेवढंच काय ते आईचं. गाणी तर दुसऱ्यांचीच.

मग तो ज्यासाठी आला होता ते त्यानं विचारलं. "भाईसाब, वो लास्टवाला गाना कौनसा था?"

मला वाटलं, टेन इयर्स आफ्टर. तो नाही म्हणाला. त्याच्या नंतरचं. ढोलवालं. त्याला मराठी येत नाही. गाण्याचे शब्द ठाऊक नाहीत, तर शोधायचं कशावरून? तीस वर्षं तो सांताना ऐकतोय आणि दहा मिनिटांनी ते गाणं येत नाही म्हणून हिरमुसतोय. मलाही आठवेना. यादीत मी पदरच्या गाण्याचं नाव लिहीत नसे.

त्यानं गुणगुणून दाखवलं. सूर बेताचाच, आणि शब्दांच्या जागी नुसतं ना-ना. काउंटरपाशी कोळीवाड्यातली एक म्हातारी आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी उभी होती, पाटी पायाशी, पाटीत बोंबलांचा वास. ती आधी हसली. मग म्हणाली, "आरं, यो तं आमचे हलदीचा गाना हाय!" आणि मानेनं ताल धरून तिनं पुढची चाल बरोबर उचलली.

शिलाँगच्या माणसानं घाईघाईनं खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हातारी थांबली. "आदी माजी झेराक्स दे, दादा," ती मला म्हणाली.

मी झेरॉक्स काढून दिली, मशीन बंद केलं आणि उठून पंखाही बंद केला.